लेकरं किती?

हिंगोली डेपोच्या निलम कंडक्टरच्या गाडीत चढायचं असेल तर दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सुटे पैसे हातात पाहिजेत आणि दारात लोंबकळायचं नाही. "आत सरका की, आत काय वाघ हाय का?" हा तिचा आवाज पुढं ड्रायव्हरला तर जातोच, मागून येणाऱ्या ट्रकवाल्यालाही जातो. वाहकाची नोकरी लागून तिला अकरा वर्षं झाली. हिंगोली-पुसेगाव रस्त्यावर कोण कुठं उतरतं, कोणाच्या सासू-सुनांचं बिनसलंय, कोणाच्या म्हशीनं दूध आखडलंय, सगळं तिला तोंडपाठ. आणि अशा बाईचं तोंड ऐन वेळी मिटलं! आयुष्यात एकदाच, पण नको तिथं मिटलं. पुढचे आठ दिवस तिला अन्न गोड लागलं नाही.

निलम पुसेगावची. पुंजाजी आणि रुक्माबाईची एकुलती एक लेक. पुंजाजी आता अठ्ठ्याहत्तरचा. काचबिंदूनं नजर खाल्ली, नळीतून बघावं तेवढंच समोरचं दिसतं. रुक्माबाई पाच-सहा वर्षांनी लहान, पण मागल्या पावसाळ्यात अंगणात घसरली, खुब्याचं हाड मोडलं, आणि ऑपरेशननंतर तिच्या हातात वॉकर आला तो आलाच. दोघांचं मिळून एक धड माणूस झालं होतं म्हणा ना. ती बसल्या जागेवरून सांगायची, "डाव्या अंगाला बादली हाय, जपून," आणि तो जाऊन आणायचा. असं रेटत होते बिचारे. पण संडास अंगणाच्या त्या टोकाला, मध्ये तीन पायऱ्या, आणि हापसा रस्त्याच्या पलीकडं. यंदाच्या उन्हाळ्यात पुंजाजी भाकरी टाकायला बसला आणि तळहात भाजून घेतला. पट्टी करायला नेलं तेव्हा डॉक्टर निलमवरच घसरले. "अंगण ओलं झालं की आजी पुन्हा पडणार. आणि दुसऱ्यांदा पडल्या तर उठायच्या नाहीत. पाऊस लागायच्या आत यांना बिनपायरीच्या जागेत हलवा."

कोणीही म्हणेल, लेक हिंगोलीत आहे, नोकरीवाली आहे, न्यावं तिनं घरी. निलमनं काय कमी हातपाय जोडले? तिचा नवरा प्रमोद ग्रिल-वेल्डिंगच्या दुकानात कामाला, स्वभावानं गरीब गाय. तोही सासऱ्याला तीनदा सांगून आला होता. पण एक तर त्यांचं भाड्याचं घर दुसऱ्या मजल्यावर, सव्वीस पायऱ्यांचं. आणि दुसरं म्हणजे खुद्द पुंजाजी. लेक दिली त्या घरचं खायचं नाही, प्यायचं नाही, ही त्याच्या बापाची रीत, आणि पुंजाजीनं ती बापापेक्षा कडक पाळली. निलमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. नात वैष्णवी पाचवीत गेली. पण हा माणूस हिंगोलीला आला की पुसेगावची भाकरी फडक्यात आणि पुसेगावचं पाणी बाटलीत घेऊन यायचा. लेकीच्या उंबऱ्याशी बसून स्वतःचंच पाणी प्यायचा, तोंड पुसायचा आणि निघायचा. निलमला त्या बाटलीचा असा राग होता की एकदा तिनं ती खिडकीतून फेकायची तेवढी राहिली होती.

तेव्हा वृद्धाश्रम. शब्द उच्चारायलाही तिला शरम वाटली, पण शरमेपायी माय पडू द्यायची का? सुट्टीच्या दिवशी ती जागा बघत हिंडू लागली. पहिली जागा चकाचक होती, फरशीत तोंड दिसेल अशी. तिथल्या बाईनं महिन्याचा आकडा सांगितला तो निलम आणि प्रमोद दोघांच्या घरखर्चाएवढा होता, आणि तोही एका माणसाचा. निलम पाणी पिऊन उठली. दुसरी जागा परवडण्यासारखी होती, पण तिथं बायांची इमारत वेगळी, बाप्यांची वेगळी. रुक्माबाईनं हे ऐकलं आणि एवढंच विचारलं, "मंग ह्यांला डाव्या अंगाला बादली हाय म्हणून कोण सांगंल?" ती जागाही गेली.

तिसरी जागा मात्र देवानंच काढून ठेवल्यासारखी. औंढ्याच्या रस्त्यावर एका संस्थेचं साधंसं ठिकाण, बैठं बांधकाम, एकही पायरी नाही, संडास खोलीतच. नवरा-बायकोला मिळून एक खोली. आणि पैसे नाहीत! ज्यांना कोणी नाही अशा निराधारांसाठी, असं फाटकावरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. निलमनं ते वाचलं. वाचून न वाचल्यासारखं केलं. विचारायला काय जातं, म्हणाली. जास्तीत जास्त नाही म्हणतील.

त्या दिवशी तिची दुपारची ड्युटी होती, म्हणून ती खाकीतच म्हाताऱ्यांना घेऊन गेली. संस्थेचे सचिव व्यंकटराव, निवृत्त हेडमास्तर. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, पुढ्यात रजिस्टर, अक्षर मोत्यासारखं. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, पाणी दिलं, नाव-गाव लिहून घेतलं आणि मग विचारलं, "लेकरं किती?"

"एकबी न्हाई," पुंजाजी बोलून गेला.

यात त्याचं कपट नव्हतं, सांगून ठेवते. जन्मभराची सवय होती ती. बाजारात, लग्नात, दवाखान्यात, कोणीही विचारो, पुंजाजीचं उत्तर ठरलेलं, "एकबी न्हाई, एक पोरगी हाय." त्या भागातल्या म्हाताऱ्यांच्या हिशेबी लेकरं म्हणजे पोरं, पोरगी त्या मोजणीबाहेर. गंमत बघा, हाच माणूस बायकोला हाक मारायचा ती "निलमची माय" म्हणून. हाच माणूस लेकीला एसटीत नोकरी लागली तेव्हा अख्ख्या पुसेगावात पेढे वाटत फिरला होता. पण मोजायची वेळ आली की एकबी न्हाई. आणि त्या दिवशी तर वाक्याचा उरलेला अर्धा भाग तोंडातच राहिला, कारण व्यंकटराव "अरेरे" म्हणत लिहूही लागले होते.

लिहून झालं तोवर पुंजाजी भिंत चाचपत खोली बघायला गेला होता. व्यंकटरावांनी निलमकडं पाहिलं. खाकी कपडे, खांद्याला तिकिटाचं मशीन. "अन बाई, तुम्ही?"

"मी कंडक्टर," निलम म्हणाली.

"शाबास! गाडीतल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून इथवर आणून सोडलंत. अशी माणसं राहिली नाहीत हो आता."

निलमनं तोंड उघडलं. समोरच्या दारातून ती खोली दिसत होती, दोन खाटा शेजारी शेजारी, खिडकीत ऊन. माय त्या खोलीकडं टक लावून बघत होती. निलमनं तोंड मिटलं. येत्या गुरुवारी सामान घेऊन या, असं सांगून व्यंकटरावांनी हात जोडले.

घरी आल्यावर तिनं प्रमोदला सगळं सांगितलं. तो ताटातल्या भातावर बोटं फिरवू लागला.

"मंग भेटायला काय म्हणून जाशील?" त्यानं विचारलं.

"कंडक्टर म्हणून," ती म्हणाली, आणि पदर तोंडाशी घेऊन अशी रडली की वैष्णवी अभ्यास टाकून धावत आली.

ते आठ दिवस पाशिंजरांनीही ओळखले. दारात लोंबकळणाऱ्यांना कोणी ओरडेना. एका आजोबांनी तर विचारलं, "बाई, तब्येत बराबर न्हाई का?" निलम मान हलवून पुढं गेली. डोक्यात एकच घोळत होतं. मायबाप जागेवर लागतील, एकत्र राहतील, पावसाआधी राहतील. आपण लेक नसलो तर नसलो. सौदा वाईट नाही, ती मनाला समजावत होती, आणि मन ऐकत नव्हतं.

गुरुवार उजाडला. दोन गाठोडी, एक वॉकर, पुंजाजीची पाण्याची बाटली, आणि पुन्हा खाकीतली निलम. व्यंकटरावांची शिस्त अशी की ज्याला वाचता येत नाही त्याला अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचा, मगच अंगठा घ्यायचा. पुंजाजी चौथी शिकलेला, सही यायची, पण आता दिसत नव्हतं. म्हणून अंगठाच. कारकुनानं त्याचा अंगठा शाईत दाबून तयार ठेवला आणि व्यंकटराव मास्तरी आवाजात वाचू लागले.

"अर्जदार पुंजाजी, राहणार पुसेगाव. पत्नी रुक्माबाई. अपत्य, नाही. जवळचे नातेवाईक, नाही. आजारपणात कळवायचं कोणाला, कोणी नाही. निधन झाल्यास अंत्यविधी, संस्था करील. ठेवा अंगठा इथं."

अंगठा कागदाच्या वर थांबला.

"मास्तर," पुंजाजी म्हणाला, "हे कोणाचं वाचून राहिले तुमी?"

"तुमचंच."

"मव्हं न्हाई ते. परत वाचा."

व्यंकटरावांनी परत वाचलं. पुंजाजीनं अंगठा झटकन मागं घेतला. शाईचा एक ठिपका रजिस्टरवर पडला. "काहून न्हाई? कोणी न्हाई म्हंजी? मला मूठमाती कोण देईल ते संस्था ठरविणार? मव्ही लेक हाय की! ही काय इथं उभी हाय!" आणि त्यानं मान वळवली ती बरोबर निलम उभी होती त्या बाजूला. दिसत नव्हतं तरी.

व्यंकटरावांनी चष्मा काढला. "बाई, तुम्ही तर कंडक्टर..."

"कंडक्टरबी हाय, अन लेकबी हाय," निलम म्हणाली. अकरा वर्षांचा तिचा तो आवाज आठ दिवसांनी घशातून मोकळा निघाला आणि अंगणातल्या म्हाताऱ्यांनीही माना वर केल्या. "चूक माझी हाय सर. ते सवयीनं बोलले. मला ठाऊक होतं, मी बोलायला पायजे होतं. खोली पायजे म्हणून गप बसले."

व्यंकटराव रागावले. रागावणारच, रजिस्टर खराब झालं होतं. "अहो, ज्यांना खरंच कोणी नाही असं एक जोडपं याच खोलीसाठी नंबर लावून आहे! लेक असताना मला ही खोली देता येत नाही. नियम आहे."

"बराबर हाय तुमचं," पुंजाजी म्हणाला. "द्या त्यायला. आमाला लेक हाय."

असं म्हणताना त्याची छाती काय फुगली होती! जणू आत्ताच कोणी तारेनं कळवलं होतं की तुला लेक झाली. रुक्माबाई वॉकरवर रेलून हसू लागली. "आठेचाळीस सालं झाली," ती म्हणाली, "मी वाट पाहून राहिले की हे मोजायला कव्हा शिकतेल." निलमचं वय त्रेचाळीस. पाच वर्षं म्हातारीनं जास्तीची धरली होती, पण त्या वेळी तिला कोण टोकणार?

व्यंकटरावांनी पान फाडलं. मग चहा मागवला, आणि चहा पिता पिता आपणहून म्हणाले, "मी चौतीस वर्षं मास्तरकी केली. हजेरी घेताना आधी पोरांची नावं, मग पोरींची. कधी वेळ कमी पडला तर पोरींची राहूनही जायची." एवढं बोलून त्यांनी कप खाली ठेवला. फाटकापर्यंत गाठोडं मात्र त्यांनी स्वतः उचलून आणलं.

थांब्यावर ऊन मी म्हणत होतं. पुंजाजीनं बाटली चाचपली. चहाच्या गडबडीत ती आत टेबलावरच राहिली होती. निलम परत जायला निघाली तसा तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तुझ्याकडं पाणी हाय का?"

निलमच्या पिशवीत ड्युटीची बाटली होती. सकाळी घरच्या माठातून भरलेली. तिचा हात पिशवीत गेला आणि तिथंच राहिला. "माझ्या घरचं हाय, बाबा."

"म्या काय इचारलं कुठलं हाय म्हणून?"

त्यानं बाटली घेतली, वर धरली आणि घटाघटा प्याला. धोतरावर सांडलं, मिशीवरून ओघळलं, पण शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. चौदा वर्षांची तहान होती ती, एका दमात भागणार होती थोडीच. निलमनं रिकामी बाटली परत घेतली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. रुक्माबाई म्हणाली, "मला ठिवायचं की जरा, बुढ्या!"

"पायऱ्या किती हायत गं तुझ्या घराला?" पुंजाजीनं विचारलं.

"सव्वीस."

"ते न्हाई जमायचं निलमच्या मायला. खाली बघ कुठं. सगळ्यायला मिळून बघ. पर फुकट न्हाई ऱ्हाणार म्या. सरकारी पगार येतो दोघायचा म्हातारपणाचा, तो भाड्यात घालायचा. अन चूल हिची, भाकऱ्या हीच टाकंल."

दुसऱ्या दिवशी हिंगोली-पुसेगाव गाडीत निलमचा आवाज परतला, आणि असा परतला की ड्रायव्हरनं आरसा सरळ केला. "ऐका हो सगळे! खालच्या मजल्याला जागा पायजे. पायरी एकबी नको, संडास घरात पायजे, भाडं जमंल असं पायजे. मायबाप आणायचेत मला. ठाऊक असंल त्यानं बोला, न्हाई त्यानं आत सरका!"

अहो, मग काय विचारता! पुऱ्या रस्त्याला दुसरा विषय राहिला नाही. कोणी हळदीच्या गोदामामागची खोली सुचवली, तिथं हळकुंडाच्या धुळीनं म्हातारा खोकून बेजार झाला असता. कोणी भावाची जागा सांगितली, ती निघाली तिसऱ्या मजल्यावर. तीन घरमालकांनी तर आजारी म्हातारी माणसं म्हटल्यावर दारातूनच हात जोडले. "घरात काही बरंवाईट झालं तर?" म्हणे. निलमनं एकाला सुनावलं, "तुमी काय अमर हाव का?" ती जागा अर्थातच हातची गेली. आभाळ भरून येऊ लागलं होतं, आणि ती रोज सकाळी आधी वर बघायची आणि मग तिकिटं फाडायला लागायची. मशीन आलं तरी तिच्या तोंडी तिकीट फाडणंच.

बाराव्या दिवशी मेथीच्या जुड्या विकणारी सखुबाई टोपलं घेऊन चढली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "बाई, तुझं काम झालं. स्टेशनाकडं एक किशनराव हायत, पोष्टातून रिटायर. वर एकले ऱ्हातेत. खालच्या तीन खोल्या मोकळ्या. भाडेकरू ठिवत न्हाईत, पोरं भिंतीला बॉल मारतेत म्हणून. म्या सांगून आले, म्हातारे येतेत म्हणलं, ते काय बॉल मारतेत?"

किशनरावांना निलम संध्याकाळी भेटली. भाडं तिच्या आत्ताच्या घरापेक्षा थोडंच जास्त होतं, आणि ते थोडं म्हाताऱ्यांच्या पगारात बसत होतं. किशनराव म्हणाले, "खाली कोणी खोकलं तरी मला बरं वाटेल हो."

प्रमोदनं रविवार धरून कामाला हात घातला. दुकानातून लोखंडी पाइप आणला, खाटेपासून संडासापर्यंत आणि खाटेपासून चुलीपर्यंत भिंतीला कमरेच्या उंचीवर दांडा जोडला, घासून गुळगुळीत केला आणि एसटीच्या दांड्यासारखा रंगवला. पुंजाजी आला, त्यानं दांडा धरला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला आणि परत आला. कोणी डावं म्हणलं नाही, कोणी उजवं म्हणलं नाही. "गाडीत बसल्यावानी वाटून राहिलं," तो म्हणाला, आणि आणखी एक फेरी मारली. रुक्माबाईचा गॅसचा ओटा प्रमोदनं खाली घेतला होता, स्टुलावर बसून भाकरी टाकता यावी इतका. पहिली भाकरी तिनं जावयाला वाढली.

त्याच संध्याकाळी किशनराव कागद घेऊन खाली उतरले. भाडेकरूंची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी लागते, त्याचा तो कागद. बाहेर पहिल्या सरी पडत होत्या, पण घरात कोणाचं तिकडं लक्ष नव्हतं. निलम चुलीजवळ मायला पीठ काढून देत होती.

"पुंजाजीराव, नाव लिहिलं, वय लिहिलं. लेकरं किती?"

निलमचा हात पिठाच्या डब्यात थांबला.

"एक," पुंजाजी म्हणाला.

"पोरगा का पोरगी?"

"म्या इचारलं का तुमाला, तुमचं पोरगा का पोरगी म्हणून? एक लिवा. निलम लिवा. ती काय, चुलीपाशी हाय."

किशनराव हसून लिहू लागले. तेवढ्यात आतून रुक्माबाईचा आवाज आला, "मोठ्या अक्षरात लिवा हो भाऊ. ह्यांला दिसत न्हाई."